दांड्यावरचा हात

आम्ही बेळगावातल्या शहापूरची माणसं मोठ्यानं बोलतो. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "कुणावर रागावलीस का गं?" रागावते कसली, चहात साखर किती घालू एवढंच विचारत होते! ज्या घराच्या पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग दिवसभर धडाडत असतात, त्या घरात मीठ मागायचं तरी घशाला ताण द्यावा लागतो. बेळगावात इतर ठिकाणी माणसं कोंबड्यानं, अजाननं, देवळाच्या घंटेनं जागी होत असतील. आम्ही मागाच्या खट्-खटाकनं जागे व्हायचो आणि पुढं दिवसभर तो आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही. ऐकू यायचा तो बंद पडल्यावर. लाईट गेली, ताणा संपला, नाहीतर गल्लीत कुणी वारलं, तरच माग थांबायचे. त्यामुळं अचानक शांत झालं की आमची छाती धडधडायची. आज मी राहते त्या सोसायटीत सगळं कसं शांत शांत असतं, आणि खरं सांगते, मला अजून त्या शांततेत नीट झोप लागत नाही.

घर अरुंद आणि लांबडं. पुढं माग, मधल्या खोलीत आईचं कांड्या भरायचं चक्र आणि अण्णाचा कॉम्प्युटर, मागं चूल-शेगडी, आणि सगळ्याच्या बाजूनं जाणारा एक बोळ. आई एका हातानं सुताची लड सांभाळत दुसऱ्या हातानं कांडी भरायची आणि तोंडानं आम्हाला झापायची, तिन्ही कामं एका तालात. सकाळी उप्पीट, दुपारी जोंधळ्याची भाकरी, आमटी आणि शेंगाची चटणी. चटणीत सुताचा एखादा तंतू सापडला तर तो बाजूला काढून जेवायचं, त्याची चर्चा करायची नाही. आप्पा बोलायला कमी आणि कामाला वाघ. अण्णा, माझा थोरला भाऊ, कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठाची नक्षी काढायचा. कोयऱ्या, मोर, रुद्राक्ष असं काय काय तो चौकोन चौकोन भरून काढायचा, आणि गल्लीतले चारदोन मागवालेही त्याच्याकडून नक्षी करून न्यायचे. लग्नसराईत आमच्या घराची निम्मी चूल त्या कॉम्प्युटरवर पेटायची. म्हणून त्याला हळदकुंकू होतं, त्याच्यावर मलमलचं झाकण होतं, आणि त्याला हात लावायला मला अण्णाची परवानगी लागायची.

आता मेनची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात मागाला नवी मोटर बसवली किंवा जुनी दुरुस्त होऊन आली, की ती पहिल्यांदा चालू करताना घरातला एक माणूस मागावर आणि एक मेनवर. मेन म्हणजे बोळातल्या फळीवरची लोखंडी पेटी, बाजूला दांडा असलेली; मागांची एक, घराची एक. तो दांडा खाली ओढला की वीज बंद. मेनवर उभं राहणाऱ्यानं दांड्यावर हात ठेवायचा आणि कान मागाकडं लावायचे. मागावरचा "ओढ" म्हणाला की ओढायचा, आणि "सोड" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. सगळ्यात मोठा नियम हा, की ऐकायचं ते फक्त मशीनवरच्या माणसाचं. गल्ली गोळा होऊन बोंबलली तरी त्यांचं नाही. कारण मशीनला काय होतंय ते ज्याचा हात मशीनवर आहे त्यालाच कळतं, बाकीचे नुसते घाबरलेले असतात. मशीनवर नेहमी आप्पा असायचे आणि मेनवर आई किंवा अण्णा. एकदा आप्पा "सोड" म्हणायचं विसरून शेजारच्यांशी बोलत बसले, आणि अण्णा बोळात तसाच उभा. शेवटी आईनं त्याला तिथंच उप्पीट भरवलं. पुढं कितीतरी वर्षं आम्ही त्याला त्यावरून चिडवत होतो.

माझं वेड मात्र वेगळंच होतं. माझा मामा निपाणीचा. त्यानं एसटी स्टँडाच्या मागं नेट कॅफे काढलं होतं, आणि सुट्टीत आजोळी गेले की मी तिथंच पडीक असायची. त्याच्या एका मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. अहो, काय सांगू! गाडीच्या टपावर ऊन चकाकायचं, चिखलातून गेलं की काचेवर शिंतोडे उडायचे. निपाणीतली भली भली पोरं मी त्या गेममध्ये पाणी पाजून परत पाठवली होती. तोच गेम घरी अण्णाच्या कॉम्प्युटरवर घातला तर गाड्या विटांसारख्या दिसायच्या आणि अशा अडखळत चालायच्या की वळण दिसायच्या आत मी दरीत. अण्णा हसून लोळायचा. "निपाणीची राणी, शहापुरात आली आणि पडली घाणी!" असलं काहीतरी जुळवून म्हणायचा मेला.

पुढं मामानं कॅफे बंद केलं आणि तो परत तंबाखूच्या वखारीत बसायला लागला. मशीनं विकली, पण त्या शर्यतीच्या मशीनमधलं, गेमची चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड काढून त्यानं माझ्यासाठी ठेवलं होतं. बारावीची परीक्षा झाल्यावर मी गेले तेव्हा त्यानं ते वखारीतल्या कपाटातून काढलं. जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं, त्याला पंखा, आणि अंगाला तंबाखूचा असा वास की मला शिंकाच सुरू झाल्या.

"सवे, हे घेऊन जा. पण एक ध्यानात ठेव," मामा म्हणाला. "ह्याची भूक मोठी हाय. अण्णाच्या डब्यात जो पॉवर सप्लाय हाय नव्हं, त्याच्यावर हे लावू नकोस. माझं एक मशीन तसंच गेलं. सप्लाय गेला तर गेला, जाताना बोर्डालाबी घेऊन गेला."

मग त्यानं मला खाली बसवून सगळं समजावलं. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातली ती पेटी, जी घरातली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देते. आत कोण कोण खाणारं आहे त्याची बेरीज करायची, कार्डाचं सगळ्यात मोठं तोंड धरायचं, आणि वर थोडी जागा राखायची, कारण पेटी जुनी झाली की तिचा दम कमी होतो. आणि पेटीवरचा मोठा आकडा बघून भुलायचं नाही. तो कुणीही छापतो. खाली बारीक अक्षरात बारा व्होल्टच्या तारेवर किती अँपिअर मिळतात ते लिहिलेलं असतं, कार्ड त्यावर जगतं. मी सगळं डोक्यात भरून घेतलं आणि परत येताना एसटीत कार्ड मांडीवर धरून तेच घोकत बसले. शेजारची बाई दोनदा म्हणाली, "पोरी, बाळ हाय काय गं त्यात?"

घरी आल्यावर रामायण. अण्णानं कार्ड बघितलं आणि मलमलचं झाकण कॉम्प्युटरवर आणखी घट्ट ओढलं. "तुझ्या गेमपायी माझं मशीन जाळतीस व्हय? लग्नसराई तोंडावर हाय. मशीन गेलं तर काठ काय मी तोंडानं काढू?" त्याचं चुकीचं नव्हतं. त्या वर्षी त्याच्याकडं कामं रांग लावून उभी होती आणि दुसरं मशीन आणायची आमची ऐपत नव्हती. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुकानात विचारून तर बघूया."

खडेबाजारात एका जिन्याच्या माथ्याशी कॉम्प्युटरचं दुकान होतं. अण्णाचा डबा घेऊन आम्ही तिघंही गेलो. मालक कानडी, पण मराठी आमच्यासारखंच फाडफाड बोलायचा. त्यानं डबा उघडून आमचा जुना सप्लाय बघितला, कार्ड हातात फिरवलं आणि खणातून एक तार काढली. कार्डाला जो वेगळा प्लग लागतो तो आमच्या सप्लायला नव्हताच. ही तार दोन साध्या प्लगांना जोडून तसला एक प्लग करून द्यायची. "हे लावा री. साकु. नवीन सप्लाय कशाला? एवढा पुरे होतोय." अण्णाचा चेहरा फुलला. मला मात्र मामाचं गेलेलं मशीन डोळ्यासमोर दिसायला लागलं. मी म्हटलं, प्लग बसला म्हणून पोट भरत नाही. जुन्या पेटीच्या अंगावरचा कागद दाखवला, बारा व्होल्टच्या पुढचा आकडा दाखवला, कार्डाची भूक त्याच्या पलीकडं जातेय ते बोटावर मोजून दाखवलं. मालकानं तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग हसून म्हणाला, "पोरगी हुशार आहे री तुमची. कमी वापरलं तर चालतंय, फुल्ल खेळली तर मी गॅरंटी देत नाही." आणि त्यानं दोन नव्या पेट्या काढल्या. एकीवर भला मोठा आकडा आणि बारीक अक्षरात ठणठण गोपाळ. दुसरी आकड्यानं धाकटी, पण बारा व्होल्टला भक्कम, आणि आमच्या जुन्या पेटीपेक्षा चांगलीच दांडगी. मी दुसरीवर बोट ठेवलं.

तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले. "ही जुनीपेक्षा मोठी हाय?"

"व्हय आप्पा."

"मग नको."

आणि तिथं दुकानाच्या दारात, जिन्यावरच त्यांनी कारण सांगितलं. मी लहान असताना त्यांनी एका मागाला जुनी मोठी मोटर स्वस्तात आणून बसवली होती. माग झकास चालला. मग एक दिवस ताण्याच्या उभ्या धाग्यांत, आडवं सूत घेऊन पळणारा धोटा अडकला. छोटी मोटर असती तर ती घुरघुर करून गप बसली असती. मोठी कसली थांबते! ती अडकलेल्या धोट्यासकट अख्खा ताणा फाडून पुढं गेली. लग्नाच्या साड्यांचा ताणा होता तो. आईनं आणि त्यांनी तुटलेले धागे एक एक करून गाठले, डोळ्यांतून पाणी येईतोवर. "अंगापेक्षा मोटर मोठी झाली की ती ऐकत न्हाय पोरी. ही पेटी एवढी वीज आत ढकलील, आणि अण्णाचं मशीन फाडून ठेवील."

मी सांगून सांगून थकले. ही मोटर नाही, ही ढकलत नाही. ही विहिरीसारखी, जेवढी घागर बुडवाल तेवढंच पाणी. आप्पांनी शांतपणे ऐकलं. त्यांना पटलं नाही. ते त्यांना कधीच पटलं नाही, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकते, कारण परवा माझ्या लेकीनं हौसेनं तोच विषय काढला तर आजोबा तिला म्हणाले, "तुझी आई कायबी म्हणू दे, मोठी मोटर ती मोठी मोटर." आता ऐंशीकडं झुकलेत, पण धोटा अडकलाय तिथंच अडकलाय.

त्या दिवशी मात्र माझं ऐकून ते जिन्याच्या कठड्याला टेकून खाली रस्त्याकडं बघायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं सवे, कार्ड घेऊन जा आणि देवाजवळ ठेव. आप्पा वळले आणि म्हणाले, "मला काय पटंना. पण ह्यातलं तू बघितलंयस, मी न्हाय बघितलं. तू सांगतीस ती पेटी घे." अण्णा "आप्पा!" म्हणून ओरडला. त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही आणि मालकाला म्हणाले, "बांधा." किती दिले ते मला त्यांनी कधी कळू दिलं नाही, आणि वाटेत खव्याचा कुंदाही घेतला. आमच्यात काहीही नवं घरात यायचं असलं की कुंदा लागतो, मग ते बाळ असो की मोटर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुहूर्त धरला. रात्रभर अण्णानं त्याची नक्षी सीडीवर चढवून घेतली होती. नक्षी वाचली तरी मशीन कुठून आणायचं, हा त्याचा सवाल तसाच होता. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं प्लग थेट भिंतीत. मी जुनी पेटी काढली, नवी बसवली, तारा एक एक करून ओढून बघितल्या, कार्ड दाबून बसवलं. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि कार्डावर अक्षता टाकायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. "आई, पंख्यात जातील!" ती म्हणाली, "मग बाहेरनं टाकते बाई, देवाला बाहेरनं बी पोचतंय." आप्पा दारात उभे राहून सगळं बघत होते. मी बटणाला बोट लावणार, तेवढ्यात माग बंद झाले. दोन्ही. एकदम.

मला वाटलं लाईट गेली. पण वरचा पंखा फिरत होता. वळून बघितलं तर दारात आप्पा नाहीत. आप्पांनी माग थांबवून बाहेर निघून जायचं म्हणजे काय? भर लग्नसराईत, भर दुपारी? रागावले म्हणून गेले, दुसरं काय! "गेल्यात कुठंतरी, येतील," आई म्हणाली आणि पदर सावरत आत गेली. अण्णा म्हणाला, "बघितलंस? त्यांना बघवंना, म्हणून गेले." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण आता मागं फिरणं नव्हतं. मी बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा उजळला. अण्णा हात जोडून गणपतीचं काहीतरी पुटपुटत होता. मी गेम सुरू केला, सगळी नक्षी, सगळं ऊन, सगळा चिखल पुरा वाढवून, कारण भुकेची परीक्षा घ्यायची तर भरल्या ताटावर घ्यायला हवी. गाडी सुटली. काय सुटली म्हणता! मामाच्या कॅफेत होती तशीच, टपावर ऊन घेऊन. मी पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि तेवढ्यात डब्यातून वास आला. अण्णा किंचाळला. खोटं नाही सांगत, गल्ली गोळा व्हावी असा किंचाळला. "जळालं! जळालं! बंद करा! मेन ओढा कोणीतरी!"

मी खाली वाकून डब्याच्या जाळीला नाक लावलं. पेटीवर हात ठेवला, जेमतेम कोमट. वास कार्डाकडून येत होता, आणि तो वास मी ओळखत होते. निपाणीच्या वखारीतली तंबाखूची धूळ, इतके दिवस कार्डाच्या फटीत बसलेली, आता ऊब लागल्यावर घमघमायला लागली होती. मीही अण्णाच्या वरताण ओरडले, "न्हाय! काय न्हाय जळालं! तंबाखू हाय रं, मामाचा तंबाखू! असू दे!" आणि मला हसू फुटलं. अण्णानंही हुंगून बघितलं आणि मटकन खालीच बसला. "मामा घरात आल्यासारखं वाटतंय की गं," एवढंच म्हणाला. मग तोही खेळला. मग मी. मग परत तो. जुन्या पेटीला जी घाम फोडणार होती, ती शर्यत आम्ही अख्खी दुपार पळवली, आणि गाडी एकदाही अडखळली नाही. आई चहाचा कप घेऊन आमच्या मागनं बोळाकडं गेली, रिकामा कप घेऊन परत आली, याकडं कुणाचं लक्ष!

ऊन खिडकीवरून उतरलं तेव्हा मला तहान लागली. मागच्या दारानं माठाकडं निघाले, आणि बोळात बघते तर आप्पा. फळीसमोर उभे. मागांचा मेन खाली ओढलेला, घराला वीज कमी पडू नये म्हणून. आणि घराच्या मेनच्या दांड्यावर त्यांचा उजवा हात. सदरा पाठीला चिकटलेला. भिंतीतल्या झरोक्याला कान लावून ते उभे होते, पलीकडं आमची मधली खोली.

आयुष्यभर मशीनवर उभा राहिलेला माणूस. मेनवर उभं राहायचं काम त्यांनी तोवर कुणासाठी केलं नव्हतं.

"आप्पा, तुम्ही हितं?" मी विचारलं. "कवापासनं?"

"तू बटण दाबलंस तवापासनं."

"मग अण्णा एवढा बोंबलला, मेन ओढा म्हणाला... ओढला का न्हाय तुम्ही? तुम्हाला तर वाटत हुतं जळणार म्हणून."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी मागवाल्याच्या घरची पोर नव्हेच. "अण्णा हुता व्हय मशीनवर? मशीनवर तू हुतीस. तू असू दे म्हणालीस."

आज मी हाताखाली माणसं घेऊन काम करते, मोठमोठ्या मशीनांवर माझ्या शब्दानं वीज सोडली जाते. लोक विचारतात एवढा धीर कुठून आला. तो त्या बोळातून आला. आप्पा, तुमचे उपकार फेडायचे म्हटलं तरी फिटणार नाहीत, आणि तुम्हाला वाचून दाखवलं तर म्हणाल, कायतरी लिहितीस.

तेव्हा त्यांची दांड्यावरची बोटं आखडून पांढरी पडली होती. तरी हात तिथंच. मी "सोड" म्हणायचं विसरूनच गेले होते, तेव्हा त्यांनीच जरा अवघडून विचारलं, "सोडू काय?"

"सोडा आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला, झटकला, आणि मागांचा मेन वर केला.